गाणे कोणाचे?

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेत पाश्चात्त्य संगीताविषयी चार शब्द बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. विषय आमच्या अधिकारातला नव्हता. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या प्राध्यापकास इंग्रजी भाषेच्या मुलखात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे ज्ञान असलेच पाहिजे, असा आपल्याकडे एक समज आहे, आणि त्या समजाला बळी पडण्यात आम्हांसही थोडे सुख वाटले असावे. जॅझ या संगीतप्रकाराविषयी बोलताना आम्ही त्या दिवशी असे विधान केले की, चांगल्या चालीची मोडतोड करावयाची आणि त्या मोडतोडीलाच कला म्हणावयाचे, एवढेच या संगीताचे रहस्य होय. श्रोते हसले, टाळ्याही पडल्या. ते विधान चुकीचे होते. शिवाय ते पुरेसे ऐकल्यावाचून केलेले होते, हा त्यातील अधिक मोठा दोष. प्रस्तुत लेख ही त्या विधानाची दुरुस्ती आहे, आणि ती आम्ही ज्या एका गाण्याच्या आधाराने करू इच्छितो त्याचे नाव ‘बॉडी अँड सोल’, म्हणजे देह आणि आत्मा.

नाव मोठे तत्त्वज्ञानाचे वाटते. परंतु वाचकांनी उपनिषदाची अपेक्षा करू नये. हे एका परित्यक्त प्रेयसीचे गाणे आहे. ज्याने पाठ फिरविली त्यालाच ती आपले सर्वस्व पुनःपुन्हा देऊ करते, इतकाच त्याचा आशय. त्याची चाल जॉनी ग्रीन या तरुणाने बांधली. ग्रीनचा जन्म १९०८ चा. हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन तो काही दिवस न्यूयॉर्कच्या शेअर-बाजारात काम करीत होता. पण त्याचे मन पियानोपाशी अडकलेले होते. गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्रज नटीच्या गायनाला तो साथ करी, आणि तिच्यासाठीच हे गाणे तयार झाले. शब्द एडवर्ड हेमन, रॉबर्ट सावर व फ्रँक आयटन या तिघांचे. एका गाण्याला चार जनक असले म्हणजे त्याच्या शब्दांत काही सांधे उघडे दिसावयाचेच, आणि तसे ते येथे दिसतातही. लॉरेन्सबाईंनी गाणे लंडनला नेले. तेथे जॅक हिल्टनच्या वाद्यवृंदाने १९३० च्या आरंभीच त्याची तबकडी काढली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘थ्रीज ए क्राउड’ हा संगीत खेळ सुरू झाला, आणि त्यात लिबी होल्मन हिने ते गाऊन अमेरिकेतही लोकप्रिय केले. पॉल व्हाइटमनच्या नृत्यवृंदाची तबकडी घरोघर गेली. थोडक्यात, जन्मल्यापासून वर्षाच्या आत हे गाणे दोन खंडांत सर्वतोमुखी झाले होते.

सर्वतोमुखी होणारी गाणी पुष्कळ असतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणारी थोडी. हे टिकले याचे कारण त्याच्या बांधणीत शोधावे लागते. त्या काळच्या अमेरिकन गाण्यांप्रमाणे यातही आठ-आठ खंडांचे चार भाग आहेत. प्रत्येक खंडात चार मात्रा. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच चालीचा, तिसरा निराळा. येथवर नवीन काही नाही. परंतु हा तिसरा भाग आला की गाण्याचा षड्जच जागचा हलतो. तो प्रथम अर्ध्या स्वराने वर चढतो, तेथे चार खंड राहतो. मग मूळ स्थानाच्याही खाली अर्ध्या स्वराने उतरतो. आणि तेथून पायरीपायरीने, जणू काही झालेच नाही अशा साळसूदपणाने, पुन्हा स्वगृही येतो. ज्याचा कान तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर पोसला आहे अशा आपल्या श्रोत्यास हा प्रकार प्रथम चक्रावून टाकतो. गायकाने अंतरा घेताच कोणी मागे बसून तंबोऱ्याच्या खुंट्या पिळाव्या, तसे वाटते. पण पाश्चात्त्य संगीताची इमारत स्वरांच्या क्रमाइतकीच एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांच्या संगतीवर उभी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासातील मौज कळू लागते. गाणारी साधी असली तरी तिच्या पायाखालची जमीन सरकत असते. वाद्य वाजविणाऱ्या कुशल माणसाला याहून मोठे आव्हान ते कोणते?

ते आव्हान प्रथम स्वीकारणाऱ्यांत लुई आर्मस्ट्राँग होता. त्याने १९३० च्या ऑक्टोबरातच हे गाणे लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित केले. तो गातो आणि ट्रंपेटही वाजवितो. दोन्हींतही नाटकी हुंदका सोडून देऊन गाण्याला स्वतःच्या चालीने चालावयास लावतो. पुढे १९३५ मध्ये बेनी गुडमन, टेडी विल्सन आणि जीन क्रुपा या त्रयीने ते वाजविले. या तबकडीचे महत्त्व संगीतापुरते नाही. विल्सन कृष्णवर्णीय, इतर दोघे गोरे. आणि एका व्यासपीठावर काळ्या-गोऱ्यांनी मिळून बसावे ही गोष्ट त्या वेळच्या अमेरिकेत इतकी अघटित होती की, श्रोत्यांसमक्ष हे तिघे नियमाने एकत्र बसू लागले ते त्याच्या पुढच्या वर्षी. तबकडीला रंग दिसत नाही, म्हणून तबकडी आधी झाली. तीन वर्षांनी, १९३८ मध्ये, चू बेरी आणि रॉय एल्ड्रिज यांनी हेच गाणे वाजविताना मध्येच लय दुप्पट केली. अशा रीतीने दहा वर्षांच्या आत गाण्याची बरीच वळणे चाचपून झाली होती. आणि मग कोलमन हॉकिन्स आला.

हॉकिन्सचा जन्म १९०४ चा, मिझुरी संस्थानातील सेंट जोसेफ येथला. लहानपणी पियानो आणि चेलो ही दोन वाद्ये शिकून तो सॅक्सोफोनकडे वळला. हे वाद्य ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने एकोणिसाव्या शतकात निर्माण केले खरे, पण हॉकिन्सच्या उमेदीच्या काळी अमेरिकेत त्याचा टेनर म्हणून ओळखला जाणारा प्रकार बहुधा विनोदी आवाज काढून प्रेक्षकांस हसविण्याच्या उपयोगी पडत असे. फ्लेचर हेंडरसनच्या वृंदात १९२३ पासून अकरा वर्षे बसून हॉकिन्सने त्या विदूषकाचा नायक केला. १९३४ मध्ये तो युरोपास गेला; त्याला इंग्लंडात नेणारा वृंदप्रमुख तोच जॅक हिल्टन, ज्याने चार वर्षांपूर्वी आमच्या प्रस्तुत गाण्याची तबकडी काढली होती. पाच वर्षांनी, १९३९ च्या उन्हाळ्यात, युद्धाचे ढग जमलेले पाहून तो परतला. मधल्या काळात नवे वादक पुढे आले होते, आणि म्हाताऱ्याचे दिवस संपले अशी कुजबूज सुरू होती. म्हातारा त्या वेळी पस्तिशीसुद्धा ओलांडलेला नव्हता!

११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्क येथे ब्लूबर्ड या छापाच्या तबकड्यांसाठी त्याने चार गाणी वाजविली. ‘बॉडी अँड सोल’ त्यांत घ्यावे असा त्याचा स्वतःचा आग्रह नव्हता; रात्री केलीज स्टेबल या उपाहारगृहात तो ते अखेरीस वाजवीत असे, म्हणून कंपनीच्या माणसाने ते मागून घेतले. जीन रॉजर्सच्या पियानोचे चार खंड होतात. हॉकिन्स सुरू करतो. आणि गाण्याची दोन आवर्तने, म्हणजे चौसष्ट खंड, दुसरा कोणीही पुढे न येता, तो एकटा वाजवितो. तीन मिनिटांत सारा खेळ आटोपतो.

आता यातील नवल असे की, या तीन मिनिटांत ग्रीनची चाल जवळजवळ नाही. आरंभीच्या काही खंडांत ती ओळखू येते, तीही जाता जाता कोणी परिचिताला मान लववावी इतकीच. त्यानंतर हॉकिन्स तिला सोडतो आणि पुन्हा तिच्याकडे येत नाही. उरते ते गाण्याचे अस्थिपंजर, म्हणजे स्वरसंगतींचा क्रम. आणि त्यावर तो स्वतःचे नवे मांस चढवितो. अशी तबकडी तज्ज्ञांनी वाखाणावी आणि लोकांनी विसरावी हा जगाचा न्याय. घडले ते उलट. ती लोकांनी उचलली. उपाहारगृहांतील नाणे टाकून वाजवावयाच्या यंत्रांवर ती वाजू लागली. जेथे हॉकिन्स जाईल तेथे तिची मागणी होऊ लागली.

थेलोनियस मंक हा विलक्षण पियानोवादक १९४४ मध्ये हॉकिन्सच्या चौकडीत होता. त्याने एकदा हॉकिन्सलाच विचारले की, ही जुनी वळणाची साधी माणसे तुमच्या त्या तबकडीवर कशी लुब्ध झाली? यात चाल तर नाहीच! ही हकीकत हॉकिन्सनेच पुढे सांगितली आहे. आम्हांस ती वाचून हसू आले, कारण आमच्या एका गानप्रेमी स्नेह्यांना आम्ही ही तबकडी ऐकविली, तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून विचारले होते, “सर्व छान आहे हो, पण गाणे कोठे आहे?” मंकसारखा क्रांतिकारक आणि आमचे सदाशिव पेठेतील स्नेही एकाच प्रश्नापाशी येऊन थांबावे, यावरून प्रश्न खरा आहे एवढे सिद्ध होते. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केल्यावाचून या तबकडीविषयी स्तुतिपर चार शब्द लिहिणे म्हणजे केवळ आरती ओवाळणे होय.

आमचे उत्तर असे. चाल तबकडीत नसली तरी ऐकणाराच्या ठिकाणी होती. नऊ वर्षे ते गाणे रेडिओवर, नृत्यगृहात, शेजारच्या खिडकीतून अमेरिकेच्या कानावर पडत होते. हॉकिन्सने पहिले काही स्वर घेताच प्रत्येक श्रोता मनातल्या मनात पुढचे गाऊ लागतो. आणि बाहेर वाजणारे व आत चाललेले या दोहोंच्या अंतरात रस उत्पन्न होतो. म्हणूनच या प्रयोगाला लोकप्रिय, किंबहुना किंचित झिजलेले गाणे लागते. अनोळखी चालीवर हेच चौसष्ट खंड वाजविले असते तर ते विद्वत्तेचे ठरले असते, लोकांचे झाले नसते. आम्ही जिला मोडतोड म्हणालो होतो ती मोडतोड नव्हे. ऐकणाराच्या स्मरणशक्तीवर ठेवलेला तो विश्वास आहे.

दुसरे कारण रचनेचे. हॉकिन्स खालच्या स्वरांत, कानाशी बोलल्यासारखा आरंभ करतो. फुंकरीतील श्वासही ऐकू येतो. मग वाक्ये लांबत जातात, स्वर चढत जातो, दुसऱ्या आवर्तनात मागून इतर वाद्यांचे मंद स्वर आधाराला येतात, आणि अखेरीकडे तो उंच, जवळजवळ ओरडणाऱ्या स्वरापर्यंत पोहोचून मग उतरतो. प्रत्येक स्वर मागच्या स्वरातून निघाला आहे असे वाटते. ज्याला स्वरसंगतीचे व्याकरण येत नाही त्यालाही या चढाचे आणि उताराचे सुख मिळते. कारण मनुष्य आपले दुःख दुसऱ्यास सांगू लागला म्हणजे तेही याच क्रमाने सांगतो.

येथे ख्यालाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या श्रोत्यांनी दोन ओळींच्या बंदिशीतून तासाभराचा विस्तार निघताना ऐकला आहे त्यांना, बंदिश हे निमित्त आणि उपज हे सर्वस्व, ही गोष्ट कोणी समजावून देण्याची आवश्यकता नाही. तबकडीच्या तीन मिनिटांची मर्यादाही आपल्याला परिचित आहे; खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांनी त्याच मर्यादेत काय साधले हे त्यांच्या तबकड्या आजही सांगतात. तथापि साम्य दिसताच गळ्यात गळा घालणे हे टीकाकाराचे काम नव्हे. आपला गवई रागाच्या मर्यादेत मुक्त असतो, आणि बंदिशीच्या मुखड्याकडे पुनःपुन्हा परततो. समेवर येणे हे त्याचे श्रोत्याला दिलेले वचन आहे. हॉकिन्सला राग नाही. त्याला खंडाखंडाला बदलणाऱ्या स्वरसंगतींचे बंधन आहे, आणि मुखड्याकडे परतण्याचे बंधन त्याने स्वतःच झुगारले आहे. आपल्या गवयाची जमीन स्थिर आहे व तो तिच्यावर हिंडतो. हॉकिन्सची जमीन चालते व त्याला तोल सांभाळावा लागतो. दोन्ही स्वातंत्र्येच, पण एकाच्या मापाने दुसरे मोजू नये. हे संगीत आपल्या प्रांताला अगदीच परके नव्हते, हेही येथे नमूद करावयास हवे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद येऊन वाजवून गेला, आणि पुढे गोमंतकीय वादकांनी ही विद्या आत्मसात केली. त्यांपैकी अंतोनियो व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतात साहाय्यक होते. तेव्हा जॅझचा एक थेंब आपल्यापैकी पुष्कळांच्या कानात नकळत पडलेलाच आहे.

हॉकिन्सनंतर या गाण्याचे काय झाले? एका परीने ते फार कठीण होऊन बसले. बिली हॉलिडे हिने १९४० च्या फेब्रुवारीत ते गाऊन त्याचे शब्द त्याला परत दिले. परंतु तीही चालीला जशीच्या तशी ठेवीत नाही. ती मात्रेच्या किंचित मागे राहते, जणू शब्द उच्चारावा की नाही याचा तिला अजून निर्णय करावयाचा आहे. आणि जे शब्द कागदावर कृत्रिम वाटतात ते तिच्या तोंडी अगतिक व खरे वाटतात. त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या पियानोबरोबर जिमी ब्लँटनने ते बास या अजस्र वाद्यावर वाजविले. आणि कॅन्सस राज्यातील विचिटा गावी जे मॅकशॅनच्या वृंदात वीस वर्षांच्या चार्ली पार्करने. त्या पोराच्या वादनावर हॉकिन्सची छाया स्पष्ट आहे. १९५८ मध्ये सॉनी रोलिन्सने सर्व साथ दूर सारून एकट्या सॅक्सोफोनवर ते वाजविले. १९६० मध्ये जॉन कोल्ट्रेनने तर स्वरसंगतीच बदलल्या. म्हणजे हॉकिन्सने चाल टाकून जे अस्थिपंजर ठेवले होते त्यालाही त्याने हात घातला. कोल्ट्रेनच्या या प्रयोगात बुद्धीचे तेज आहे. पण परित्यक्तेचे दुःख त्यात आम्हांस दूरवरूनच ऐकू येते. ही आमची मर्यादा असू शकेल.

सर्वांत विचित्र गती झाली ती खुद्द हॉकिन्सच्या त्या तीन मिनिटांची. जे आयत्या वेळी सुचले ते तबकडीवर कायम झाले. कायम झाले म्हणून पाठ झाले. पाठ झाले म्हणून लोक तेच मागू लागले. एडी जेफर्सन या गायकाने त्यातील स्वरन्‌स्वराला शब्द जोडून हॉकिन्सचेच गुणगान करणारे गाणे रचले, आणि १९७९ मध्ये मॅनहटन ट्रान्सफर या चौघांच्या गायनमंडळीने तेही लोकप्रिय केले. ज्याने बंदिश टाकली त्याचे टाकणेच बंदिश होऊन बसले. हॉकिन्स मात्र त्यात अडकून राहिला नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत, नव्या पिढीच्या डिझी गिलेस्पीला बरोबर घेऊन, त्याने त्याच स्वरसंगतींवर निराळेच वादन केले, आणि त्याला ‘रेनबो मिस्ट’ असे निराळेच नाव दिले. चार वर्षांपूर्वी त्याने चाल टाकली होती. आता नावही टाकले.

या नव्या नावात एक व्यावहारिक अर्थही दडलेला आहे, आणि त्यातूनच या लेखाच्या मथळ्यातील प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने ‘बॉडी अँड सोल’ हे ग्रीनचे आणि तीन शब्दकारांचे. हॉकिन्सने त्या चालीतला जवळजवळ एकही खंड जसाच्या तसा वाजविला नाही, तरीही तबकडीवर नाव त्या गाण्याचे होते, म्हणून रचनेचा हक्क त्या गाण्याच्या कर्त्यांचा. हॉकिन्स केवळ वाजविणारा. नव्या नावाखाली तेच केले असता तो रचनाकार ठरतो. कायदा लिहिलेले ओळखतो, सुचलेले ओळखत नाही. ज्या समाजाची विद्या कागदावर कमी आणि ओठांवर व बोटांवर अधिक होती, त्या कृष्णवर्णीय कलावंतांना या भेदाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागली. आपल्याकडील गवयांच्या घराण्यांतही बंदिश कोणाची आणि गायकी कोणाची हे वाद काही कमी झाले नाहीत. परंतु तेथे निदान गायकी हीच थोर, असे मानण्याची रीत होती.

तथापि ग्रीनला कमी लेखणे हा न्याय होणार नाही. ज्या सरकत्या जमिनीवर हॉकिन्स चालला ती त्या एकवीस वर्षांच्या तरुणाने तयार केली होती. ती सपाट असती तर हे चालणे इतके डौलदार झाले नसते. गाणे कोणाचे, या प्रश्नाला म्हणून आम्ही असे उत्तर देऊ: ते लिहिणाराचे जन्माने आहे, वाजविणाराचे कर्माने आहे, आणि आठवणीत बाळगणाराचे वारशाने आहे. या तिघांपैकी एकाला वगळले तर उरलेल्या दोघांचे काही चालत नाही. हॉकिन्स १९६९ मध्ये वारला, ग्रीन त्यानंतर वीस वर्षांनी. गाणे चालूच राहिले. २३ मार्च २०११ रोजी लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात चौऱ्याऐंशी वर्षांचा टोनी बेनेट आणि सत्तावीस वर्षांची एमी वाइनहाउस यांनी ते मिळून गायिले. बरोबर चार महिन्यांनी ती तरुणी मरण पावली, आणि त्या म्हाताऱ्याने ते गाणे मागे राहून ऐकले. तिच्या गाण्यात बिली हॉलिडेची आठवण आहे; परंतु उसनवारी नाही.

ज्या वाचकांस हे सर्व पारखून पाहावयाचे असेल त्यांनी एकच करावे. प्रथम कोणत्याही साध्या गायकाच्या तोंडून मूळ चाल चार-सहा वेळा ऐकावी, ती गुणगुणता येईपर्यंत. आणि मगच हॉकिन्सची तबकडी लावावी. आमच्या त्या स्नेह्यांना आम्ही हा क्रम उलटा घडविला होता. चूक आमची होती. गेल्या महिन्यात ते घरी आले असता आम्ही ती दुरुस्त केली. तबकडी संपल्यावर काही वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुन्हा लावा पाहू. मधे एके ठिकाणी मी चुकलो.”